कडूबाभाऊंच्या कटरचा आवाज

आमच्या दुकानाच्या पाटीवर ह्यांचं नाव आहे आणि खाली लिहिलंय, 'फवारणी पंप, गवत कटर, झाड कटर दुरुस्ती'. दुकान शहागडला, हायवेला लागूनच. पुढं काउंटर, पार्टची कपाटं आणि ह्यांची खुर्ची. मधे बारदानाचा पडदा. पडद्यामागं पत्र्याच्या सावलीत एक लाकडी टेबल आहे, तिथं मी असते. कितीतरी गिऱ्हाइकांना अजून वाटतं की मिस्त्री मशीन आत नेतात आणि स्वतःच दुरुस्त करून, स्क्रू लावून आणतात. मी कधी त्यांचा गैरसमज दूर केला नाही. अनोळखी माणूस समोर आलं की मी पदर सावरत मागं सरकते. पडद्यामागं ते होत नाही. तिथं मशीन बोलतं, मी ऐकते.

नात म्हणाली, "आजी, दिवाळी अंकात लोकं आपल्या कामाचं लिहितात. तू पण लिही की." छापायला देण्याइतका धीर मला या जन्मी व्हायचा नाही. पण दुपारी लाइट गेली की टेबलावर बसून लिहायला काय हरकत आहे? चौथीपर्यंत शिकले, अक्षर अजून बरं येतं.

झाड कापायच्या मशीनला इकडं सगळे कटरच म्हणतात. छोटं पेट्रोलचं इंजिन, पुढं लांब पात, पातीभोवती दातांची साखळी. इंजिन एका मिनिटात किती फेऱ्या मारतं, त्यावर सगळा खेळ असतो. नुसतं चालू ठेवलं तर पावणेतीन-तीन हजारांच्या आसपास, आणि पूर्ण रेस दिली तर साडेबारा हजारांच्या पुढं नको. हे आकडे प्रत्येक कंपनीचे थोडे वेगळे असतात, मशीनच्या पुस्तकात दिलेले असतात. कारबोरेटरला तीन बारीक स्क्रू असतात. एकावर एल लिहिलेलं असतं, तो कमी गतीचा. एकावर एच, तो जास्त गतीचा. तिसरा, रेस सोडल्यावर मशीन बंद पडू नये म्हणून. मला इंग्रजी येत नाही, पण ही दोन अक्षरं मी ओळखते. एल म्हणजे उभी काठी आणि तिला पाय. एच म्हणजे एकाच पायरीची शिडी.

एचचा स्क्रू आत फिरवला की पेट्रोल कमी जातं. बाहेरच्या माणसाला वाटेल, पेट्रोल कमी गेलं तर मशीन मंद होईल. तसं नसतं. मशीन आणखी जोरात पळतं, किंचाळतं. पण ह्या मशीनला तेल पेट्रोलातूनच मिळतं. पेट्रोल कमी म्हणजे तेलही कमी. कोरड्या तव्यावर भाकरी टाकून जाळ वाढवावा, तसं आत होतं. थोड्या वेळात पिस्टन तापतो, फुगतो आणि धरून बसतो. म्हणून चांगलं लावलेलं कटर मोकळ्या हवेत पूर्ण रेस दिली तर किंचाळत नाही. त्याच्या आवाजात थोडी फरफर असते. लाकडात घातलं की ती फरफर जाते आणि आवाज स्वच्छ होतो.

हा आवाज मला कुणी शिकवला नाही. माझं माहेर हसनाबाद. वडिलांची डिझेल इंजिनवरची पिठाची गिरणी होती. आईचे गुडघे गेले, तेव्हा चौथी झाल्यावर मला गिरणीवर बसवलं. वरच्या डब्यातले दाणे संपत आले की इंजिनचा आवाज हलका व्हायचा. मी पाठ करून बसलेली असले तरी मला कळायचं. इथं लग्न होऊन आल्यावर ह्यांनी एक पंप दुरुस्त करून चालू केला, तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, "याच्या पोटात दाणे कमी हायेत." हे हसले, पण त्यांनी स्क्रू फिरवून बघितला. तेव्हापासून आतलं टेबल माझं.

पुढं ह्यांनी जालन्याहून फेऱ्या मोजायचं मीटर आणलं. काडेपेटीपेक्षा थोडं मोठं. त्याची वायर प्लगच्या वायरीला गुंडाळायची, मशीन चालू करायचं, की काचेवर आकडा येतो. मला आधी राग आला. माझ्या कानावर विश्वास नाही का, असं वाटलं. मग मी मुद्दाम दोन्ही ताडून पाहिलं. सकाळी माझा कान आणि मीटर जवळजवळ एक होते. दुपारनंतर मात्र, हायवेवरचे ट्रक दिवसभर ऐकून झाल्यावर, मी सगळी मशीनं जोरात लावायचे. मला ती बरोबरच वाटायची. कान दमतो आणि दमल्याचं सांगत नाही. तेव्हापासून मी आधी ऐकते आणि मग मीटर लावते. फिल्टर साफ, मशीन तापलेलं, साखळी ताणलेली, आणि मगच मोजायचं.

गिऱ्हाइकं नाना तऱ्हेची. एक मोसंबीचे बागाईतदार कटर घेऊन आले. प्लगचं काम होतं. मी चालू केलं तर रेस न देता साखळी फिरायला लागली. हे फार वाईट. हात रेसवरून काढला की साखळी थांबलीच पाहिजे. ह्यांनी त्यांना विचारलं, "साहेब, हे असं कधीपासून?"

"आल्यापासून. ऑटोमॅटिक हाये," ते म्हणाले. "शेजाऱ्याच्या मशीनला रेस द्यावी लागते. आपल्याला बोट दाबायचं काम न्हाई."

"आन हा पायजमा कुठं फाटला?"

"तो तर असाच. मांडीला टेकवलं होतं जरा."

मी पडद्यामागं तोंडाला पदर लावून हसले, पण मांडी थोडक्यात वाचली होती. तिसरा स्क्रू थोडा सैल केला, साखळी थांबली. मशीन खराब केलं म्हणून ते कुरकुर करत गेले.

बहुतेकांचं म्हणणं असतं की मशीन जितकं किंचाळेल तितकं चांगलं. "मिस्त्री, असं करा की दुसऱ्या शिवारात ऐकू गेलं पाहिजे." त्यांना काय सांगणार? लाकूड दातांनी कापतं, दातांना धार पाहिजे. आवाजानं कापलं असतं तर नळावरच्या भांडणातच सगळी बाभूळ आडवी झाली असती.

कडूबाभाऊ मात्र तसे नव्हते. म्हणूनच मला ते कोडं पडलं.

कडूबाभाऊ नदीकाठच्या गावचे. साठीच्या आतबाहेर, काटक, डोक्याला कायम मळकी टोपी. उभं झाड उतरवण्यात त्यांचा हात धरणारा या भागात कुणी नाही. घरावर झुकलेलं, विहिरीवर आलेलं, तारांना टेकलेलं झाड असलं की लोकं त्यांनाच बोलावतात. त्यांच्याबरोबर दोर धरायला त्यांचा मेव्हणा शेषराव. किती वर्षं त्यांचं मशीन मीच लावत होते. मी लावून दिलेल्या स्क्रूला त्यांनी कधी हात लावला नाही. उलट एकदा ह्यांना म्हणाले होते, "मिस्त्री, स्लोला मशीन असं शांत पाहिजे. झाड जायच्या आधी आतून बारीक तडतडतं. मी रेस सोडून तेच ऐकतो, आन मंग बाजूला होतो." पडद्यामागून ऐकलेलं ते वाक्य मला आवडलं होतं. त्यांच्या मशीनचा स्लो मी फार जपून लावायचे.

आणि त्याच माणसाचं मशीन पिस्टन धरून आलं. उघडलं तर पिस्टनवर उभे ओरखडे. एचचा स्क्रू पार आत. नवीन पिस्टन घातला, लावून दिलं. काही महिन्यांनी पुन्हा तेच. ह्यांनी विचारलं, "भाऊ, स्क्रूला हात लावता का?"

"लावावाच लागतो. तुमी मशीन मुकं करून देता. जीवच न्हाई आवाजात."

"मुकं? हे?" ह्यांनी पुटपुटत म्हटलं.

"काय म्हणले?"

"म्हटलं, मुकं न्हाई ते!"

मग एका बाजाराच्या दिवशी ते पुन्हा आले. ह्या वेळी मशीन चालू स्थितीत होतं, पण त्यांचं डोकं तापलेलं. संगं त्यांच्या बायको गयाबाई होत्या. बाजाराची पिशवी घेऊन त्या पडद्याच्या आत माझ्याजवळ पाणी प्यायला आल्या. बाहेर भाऊंचा आवाज चढलेला होता.

"उद्या चिंच उतरवायचीय मला. घरावर आलेली. आन मशीन बघा, नुसतं घुमतंय. तुमच्या हाताचा गुण गेला मिस्त्री. मी जालन्याला नेतो आता."

"न्या की मंग! दोन पिस्टन तुमीच खाल्ले आन नाव आमचं!" ह्यांचाही तोल गेला.

मी हातातलं कापड खाली ठेवलं. गयाबाई माझ्या शेजारी स्टुलावर बसल्या होत्या. एकदम बारीक, किनऱ्या आवाजात त्या म्हणाल्या, "घरात बी असंच हाये माय. माझ्याशी तर बोलणंच सोडलं. पोरीच्या लग्नात मी कायतरी बोलून गेल्ते, तवापासून. चहा घ्या म्हटलं तर तोंड न्हाई फिरवत. शेषराव आला की मात्र गप्पा. माझ्या भावाशी बोलतेत, माझ्याशी न्हाई. आता या वयात किती विनवण्या करायच्या?"

त्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात बाहेर कुणाचा तरी मोबाइल वाजला, तसाच किनरा. वाजतच राहिला. हे म्हणाले, "भाऊ, फोन घ्या, तुमच्याच खिशात वाजतोय." भाऊंनी खिसा चाचपला आणि चमकून फोन काढला.

माझ्या डोक्यात एकामागं एक बसत गेलं. शेषरावचा आवाज जाड, तो ऐकू येतो. ह्यांचाही जाड. गयाबाईंचा बारीक. फोनचा बारीक. कटरचं किंचाळणं, तेही बारीक. माणूस बायकोवर रुसलेला नव्हता आणि मशीनही मुकं नव्हतं. त्यांना जुना आवाज पुन्हा ऐकायचा होता, आणि तो ऐकू येईल म्हणून ते स्क्रू आत फिरवत होते.

सगळ्या गिऱ्हाइकांसमोर हे बोलायचं कसं? उद्या ही गोष्ट बाजारभर झाली तर त्यांना झाडाजवळ कोण उभं करणार? आणि नाही बोललं तर उद्या चिंच होती. मी पडदा बाजूला केला. बाहेर चार माणसं उभी होती. कुणाकडं न बघता मी एवढंच म्हटलं, "भाऊ, मशीन घेऊन आत या. मीटर लावून दाखवते."

ते आश्चर्यानं ह्यांच्याकडं बघायला लागले. हे म्हणाले, "जावा आत. लावणारी तीच हाये पहिल्यापासून."

आत आल्यावर मी वायर गुंडाळली, मशीन चालू केलं, क्षणभर पूर्ण रेस दिली. आकडा चौदा हजारांना टेकला. लगेच सोडून दिलं. माझ्या कानात दाभण घातल्यासारखं झालं होतं. गयाबाईंनी दोन्ही कान झाकले. भाऊ शांत उभे होते.

"बघा, घुमतंय नुसतं," ते म्हणाले.

मी स्क्रू बाहेर घेतला. मग त्यांना म्हटलं, "तुमी भिंतीकडं तोंड करा. मी स्क्रू फिरवते. आवाज बदलला की हात वर करा." पहिल्यांदा मी बोलले ते त्यांना कळलंच नाही. मग मी आवाज जाड करून, सावकाश, तेच सांगितलं. ते भिंतीकडं वळले.

मी स्क्रू थोडा आत घेतला. आवाज चढला. हात वर झाला नाही. बाहेर घेतला, फरफर आली. हात खालीच. पुन्हा आत घेतला. गयाबाई एकदा त्यांच्या पाठीकडं बघत होत्या, एकदा माझ्या हाताकडं. तिसऱ्या वेळी त्यांनी तोंडावर हात ठेवला. मी मशीन बंद केलं.

"बंद का केलं? स्क्रू कधी फिरवणार?" भिंतीकडं तोंड करूनच भाऊंनी विचारलं.

गयाबाई उठल्या, त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि ओरडल्या, "आवं, तुमी माझ्यावर रागावलेले न्हाईत का?"

"मी? मी कशाला रागवू? तूच तोंडातल्या तोंडात बोलायलीस. मला वाटलं, पोरगी सासरी गेल्यापासून तुला आता घरात करमंना, आन माझ्याशी बोलू बी वाटंना."

"मी रोज गळा काढून राह्यले!"

"मला तर एक शब्द न्हाई आला गं."

दोघं एकमेकांकडं बघत उभे राहिले. मी वायर गुंडाळायचं काम उगीचच लांबवलं. पुढं गयाबाई हसायला लागल्या आणि हसता हसताच पदरानं डोळे पुसायला लागल्या. भाऊंना हसू आलं नाही. त्यांना कळलं होतं, आणि जे कळलं त्याचा अर्थही कळला होता.

"हे बाहेर सांगू नका," ते म्हणाले. "चिंच तेवढी होऊ द्या."

मला तिथंच थांबता आलं असतं. पण मी पुन्हा आवाज जाड केला. "भाऊ, तुमीच एकदा म्हटल्ते, झाड जायच्या आधी आतून बारीक तडतडतं. ते तुमी शेवटचं कधी ऐकलं?"

 भाऊ टेबलाच्या काठावर बोट फिरवत राहिले. मग टोपी सारखी केली आणि पडदा बाजूला करून निघून गेले. मशीन टेबलावरच राहिलं. गयाबाई पिशवी घेऊन त्यांच्या मागं पळाल्या.

त्या संध्याकाळी माझं कशात लक्ष लागलं नाही. हे म्हणाले, "गिऱ्हाईक गेलं आपलं." मला गिऱ्हाइकाचं काही नव्हतं. दुसरं कुणाचं तरी मशीन मागून हा माणूस चिंचेखाली उभा राहील, याची भीती वाटत होती. शेषराव दोर धरून ओरडेल, तो जाड आवाज कदाचित पोचेलही. पण झाड कुणासाठी आवाज जाड करत नाही.

सकाळी हे शटर उघडत होते तर समोर मोटारसायकल उभी. पुढं शेषराव, मागं कडूबाभाऊ. भाऊ उतरले आणि थेट पडद्यापाशी आले.

"वैनी, आजपासून शेषराव कापणार," ते म्हणाले. "याला आवाज शिकवा. जल्दी शिकवा, चिंच वाट बघायलीय."

शेषराव सहा फुटी गडी, मिशीवाला. मी त्याच्यापुढं काय बोलणार! पण मशीन चालू केल्यावर बोलायचं राहिलंच नाही. स्क्रू बाहेर घेतला, त्याला फरफर ऐकवली. आत घेतला, किंचाळणं ऐकवलं. मधल्या जागी आणून मीटर दाखवलं, लाकडाच्या ओंडक्यात पात घातली, फरफर जाऊन स्वच्छ झालेला आवाज ऐकवला. तो म्हणाला, "वैनी, हे तर उसळ शिजल्यासारखं हाये. आधी बुडबुडतंय, मंग गप." मी इतकी वर्षं शोधत होते ती उपमा त्यानं पहिल्याच दिवशी सांगितली. नातीच्या नेलपॉलिशनं मी स्क्रूच्या डोक्यावर आणि शेजारच्या प्लास्टिकवर मिळून एक लाल रेघ ओढली. रेघ तुटली म्हणजे कुणीतरी हात लावला.

"आन तुमी काय करणार?" ह्यांनी भाऊंना विचारलं.

"काप कुठं द्यायचा, किती द्यायचा, झाड कुण्या अंगाला जाणार, हे काय शेषरावला येतंय का? ते मीच सांगणार. समोर उभा राहून शेंडा बघतो. तो आतलं ऐकंल, मी वरचं बघंल. डोळे बराबर हायेत माझे." मग कटरची मूठ चाचपून म्हणाले, "सवय व्हायला टाइम लागंल. हात शिवशिवतेत."

ते शेवटचं त्यांनी हसत सांगितलं, पण मला ते लागलं. जन्मभर ज्यानं झाडाला स्वतः हात लावला, त्यानं आता लांब उभं राहून बोट दाखवायचं. मला वाटत राहिलं की मी त्यांच्या हातातलं काहीतरी काढून घेतलं. अजूनही अधूनमधून वाटतं.

चिंच सुखरूप उतरली. घराचं एक कौल हललं नाही. हे मला गयाबाईंनी पुढच्या बाजाराला सांगितलं. येताना त्याच झाडाच्या पिशवीभर चिंचा घेऊन आल्या होत्या. म्हणाल्या, "कानाचं मशीन आणलं माय, डॉक्टरनं तपासून दिलं. आता लई ऐकतेत. पोरीला फोनवर काय बोलले ते बी ऐकतेत. भांडायची पंचाईत झाली." आणि त्यांच्या त्या किनऱ्या आवाजात खळखळून हसल्या. मी त्या चिंचा मीठ लावून वाळवल्या. आमटीत घालते.

कडूबाभाऊ अजून येतात. शेषरावचं कटर मी लावते तेव्हा ते शेजारच्या स्टुलावर बसून साखळीचे दात कानशीनं घासतात. त्यांनी घासलेली साखळी लोण्यातून गेल्यासारखी जाते. बाकीची गिऱ्हाइकंही आता साखळ्या त्यांच्यासाठी ठेवून जातात. दुकानाच्या गोंगाटात कानाचं मशीन त्यांना नको वाटतं, ते खिशात टाकून बसतात. म्हणून त्यांच्याशी बोलायचं तर मला आवाज जाड करावा लागतो, पोटातून काढावा लागतो. आता मला त्याची सवय झाली आहे. आम्ही बरंच बोलतो. कोणतं झाड कुठं झुकलंय, कोणाच्या मशीनला काय झालंय, गयाबाई कशा आहेत.

परवा असंच कुठल्यातरी लिंबाच्या झाडावरून आमचा वाद रंगला होता. मी जोरात सांगत होते की ते झाड दोर लावल्याशिवाय उतरायचं नाही. तेवढ्यात पुढून हे ओरडले, "आत कोण बाप्या माणूस बोलून राह्यलाय गं?"

मी म्हटलं, "मीच हाये."